छाट

जर्नलच्या पहिल्या पानावर छापलेलंच असतं :
प्रयोगकर्ता, तिथं माझं नाव.
प्रयुक्त, तिथं नुसती रेघ.
रेघेवर बसायला माणूस ज्याचा त्यानं आणायचा.

मी आणली पेंटव्वा कुरापाटी,
विडी घरकुल, गल्ली नववी.
म्हणजे तिला नाही आणलं, ठोकळ्यांची पेटीच नेली
रिक्षात मांडीवर धरून,
एप्रिलच्या बेचाळीस अंशांत, मॅडमची तंबी घोकत :
सोळाच्या सोळा परत आले पाहिजेत.

वय?
जुनी गिरणी बंद पडली त्या साली तिचं लग्न झालं.
मी अठ्ठेचाळीस लिहिलं, पेन्सिलनं.
शिक्षण?
ती हसली, विडीचं तोंड नखानं दुमडत.

शांत, हवेशीर खोली असावी, असं नियमावलीत आहे.
इथं शेजारच्या लूमचा खटका भिंतीतून येतो,
ओल्या पानांचा वास गोणपाटातून.
सुपात दोरा, कात्री, पान कापायचा पत्र्याचा फर्मा
आणि फर्म्यासमोर माझी प्रमाणित चाचणी.

आधी व्यक्तिमत्त्व.
विधान अकरा : अनोळखी माणसांशी मी मोकळेपणानं बोलते.
हो. नाही. सांगता येत नाही.
"कुठल्या भाषेत?" पेंटव्वानं विचारलं.
मी विधान पुन्हा वाचलं. तेवढीच मुभा असते.
"तेलुगूत म्हणशील तर मी गप बसतच नाय.
मराठीत इचारलं तेवढं.
सट्टेदारासमोर, कानडी येत असून बी, नुसती मान."
तीन चौकोन होते, तिन्हींवर तिनं बोट ठेवलं.
एकच निवडायचा, मी म्हणाले.
"मग तूच निवड की. घाई तुला हाय."

मी 'नाही'वर खूण केली.
अंतर्मुखतेचा एक गुण वाढला.

मग ठोकळे. लाल-पांढरे, नक्षी सातवी,
एकशे वीस सेकंद.
तिनं आधी एकेक तळहातावर तोलला,
एक बाजूला काढला : "ह्यो फुगलाय."
चार मांडले, पाचवा उचलला
आणि गल्लीत आरोळी उठली, पाणी!

पाचव्या दिवशीचं पाणी.
पाणी आलं तर घड्याळ थांबवावं का
याबद्दल नियमावली काही बोलत नाही.
मी चालू ठेवलं.
घागरी, पिंप, तेलाचे डबे, पातेली,
शेवटी पातेल्यांवरची झाकणंसुद्धा उलटी करून भरली,
मग पदराला हात पुसत पेंटव्वा परत बसली
आणि कार्डाकडे न बघता
उरलेले ठोकळे ठेवून मोकळी झाली.
फुगलेला अगदी कडेला,
जिथं त्याचं फुगणं कुणाला टोचणार नाही.

एकतीस मिनिटं, दहा सेकंद.
गुण शून्य.

रात्री आलेखाच्या कागदावर
वर्गातल्या बावीस प्रयुक्तांची रेघ काढली, घंटेसारखी.
पेंटव्वा डावीकडं, रेघ जिथं कागदाला टेकायला येते तिथं.
चर्चेसाठी चार ओळी छापलेल्या.
मी लिहिलं : मध्येच पाणी आले.
मॅडमनी लाल शाईनं 'पाणी' खोडून
वर 'बाह्य व्यत्यय' लिहिलं. सही केली.

पण ते नंतरचं.
त्या दुपारी मी ठोकळे मोजून पेटीत भरत होते,
ती विड्यांचे कट्टे बांधत होती.
संध्याकाळी सट्टेदार येतो,
आखूड, सैल, वाकडी विडी वेगळी काढतो,
तिचे पैसे देत नाही
आणि विडी परतही देत नाही.

"झालं का मोजून?" पेंटव्वानं विचारलं.
"छाट किती निघाली माझी?"

काहीच नाही, मी म्हणाले,
आणि तिची उत्तरं पिशवीत घातली.